उशीवाले काका

आमच्या घरात एक उशी आहे, तिच्यावर कोणी डोके ठेवत नाही. गेले दीड वर्ष ती रोज पहाटे माझ्या स्कूटरवर बसून मैदानावर जाते आणि मार खाऊन परत येते. खरे सांगायचे तर मार आम्ही दोघेही खातो. ती पुढे असते, मी तिच्या मागे असतो, एवढाच फरक. यंदा दिवाळीच्या झाडलोटीत आमच्या मंडळींनी तिला जुन्या चिंध्यांच्या गाठोड्यात टाकले होते. मी ती गुपचूप काढून पुन्हा कपाटात ठेवली. त्यावरून घरात जे बोलणे झाले ते इथे देत नाही. पण उशी वाचली.

मी नगरचा. २०२४ साली गावाचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, आणि कचेरीच्या कागदावर मी ते बिनचूक लिहितो; पण एसटीच्या कंडक्टरसमोर तोंडातून अजून 'एक नगर' असेच निघते. वय एकोणपन्नास, नोकरी कारकुनी, उंची पाच फूट चार इंच. आमच्या घराण्यात कोणालाही माळ्यावरचा डबा स्टुलाशिवाय काढता आलेला नाही. अशा घरात धाकटी लेक चौदाव्या वर्षी पाच फूट दहा इंचांवर जाऊन पोचली. माझी आई हे खापर सुनेच्या माहेरावर फोडते, आणि त्या माहेरची मंडळी पाहिली तर आईचे अगदीच चुकते असे म्हणवत नाही.

आई तिला म्हणे, "आता पुरे कर गं बाई. नवरा काय शिडी लावून शोधायचा?" यात विनोद होता, मायाही होती. पण मुलगी हळूहळू वाकू लागली. आमचा वाडा जुना, चौकटी बुटक्या. तिथे वाकणे भागच होते. ती मात्र रस्त्यावरही वाकून चालू लागली. वर्गाच्या फोटोत ती मागच्या रांगेत गुडघे मोडून उभी आहे. इतर मुलींच्या खांद्याशी खांदा जुळावा म्हणून तिने काय कसरत केली असेल, ते त्या फोटोत तिच्या चेहऱ्यावर दिसते.

उंची पाहून शाळेने तिला बास्केटबॉलच्या संघात घेतले. पहिला सामना पाहायला आम्ही सहकुटुंब गेलो. या खेळात रिंगच्या खाली जमिनीवर एक पट्टा आखलेला असतो, ४.९ मीटर रुंद आणि ५.८ मीटर लांब. आपल्या संघाकडे चेंडू असताना समोरच्यांच्या या पट्ट्यात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळायचे नाही, असा नियम. आमची लेक तिथे जी उभी राहिली ती हललीच नाही. तीनदा शिट्टी वाजली. पुढे चेंडू हातात आला तेव्हा तिने तो कमरेपर्यंत खाली आणला, आणि तिच्या काखेखालून जेमतेम पाच फुटांची एक मुलगी तो अलगद काढून घेऊन पळाली. असे चार वेळा झाले. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, "अरे, तो खांब हलवा मैदानातून!" लोक हसले. माझ्या शेजारचे गृहस्थही हसले. त्यांना काय ठाऊक मी कोण ते.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बूट पिशवीत घालून परत द्यायला निघाली.

ते बूट ज्यांनी परत घेतले नाहीत, ते फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार. आमच्या गावात १९४८ पासून रणगाड्यांच्या दलाचे शिक्षण केंद्र आहे. त्यामुळे पाठीचा कणा ताठ असलेली आणि पहाटे चारला उठणारी निवृत्त माणसे नगरात पुष्कळ. हे पारनेरकडचे. फौजेत असताना बास्केटबॉल खेळलेले, आता शाळेच्या मैदानावर हौसेने मुलींना शिकवतात. स्वतःची उंची माझ्यापेक्षा फार तर तीन बोटे जास्त.

तिचे सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "खांब म्हणाले ना? बरोबरच म्हणाले. इंग्रजीत त्या जागेचं नावच पोस्ट. पोस्ट म्हणजे खांबच की. पण पोरी, विजेचा खांब वेगळा आन् खळ्यातला तिवडा वेगळा."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: मळणीच्या वेळी खळ्याच्या मधोमध एक लाकूड रोवतात, तो तिवडा. बैल त्याच्याभोवती फिरतात. तिवडा जागचा हलत नाही, पण खळ्यातले सगळे काम त्याच्या आधाराने होते. सुभेदारांच्या मते बास्केटखाली खेळणाऱ्याचा एक पाय असा तिवडा असतो. चेंडू हाती आला की एक पाय रोवायचा आणि दुसरा पुढे, मागे, बाजूला हवा तिथे टाकायचा. रोवलेला पाय घसरला की शिट्टी.

"उद्या साडेपाचला या," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "भाऊसाहेब, तुम्हीसुद्धा. येताना एक जाड उशी आणा."

अशी माझी नेमणूक झाली. छातीशी उशी धरून मुलीच्या पाठीला टेकून उभे राहायचे आणि तिला बास्केटकडे येऊ द्यायचे नाही, हे माझे काम.

पहिले पंधरा दिवस सुभेदारांनी तिला चेंडू टाकूच दिला नाही. नुसते उभे राहायला शिकवले. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाठ सरळ. हेही वाकणेच, पण मान खाली घालून वाकणे वेगळे आणि बैठक धरून वाकणे वेगळे, हे तेव्हा कळले. ती मान वर ठेवून खाली बसली की मला तिला तसूभर ढकलता येत नसे. उभी राहिली की मात्र मी, पंचवीस वर्षे खुर्चीवर बसलेला माणूस, तिला सहज पुढे सरकवी. "उंची देवानं दिली, जागा आपण घ्यायची," सुभेदार म्हणत. जागा चेंडू येण्याआधी घ्यायची. चेंडू आल्यावर ती मिळत नाही. तीन सेकंद होत आले की पट्ट्याबाहेर पाय टाकायचा आणि पुन्हा आत शिरायचे.

मग चेंडू घेणे. एक हात पसरून 'इथे दे' असे मैत्रिणीला दाखवायचे, दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकतील अशा बेताने चेंडू झेलायचा आणि तो थेट हनुवटीखाली आणायचा, कोपरे बाहेर काढून. दोन्ही पाय एकदम टेकले म्हणजे तिवडा कुठला करायचा, उजवा की डावा, ते ठरवायची मोकळीक राहते. आणि चेंडू कमरेशी आणला की उंची फुकट गेली! पाच फुटांच्या मुलींचे राज्य कमरेच्या पातळीवर असते, हे आम्ही अनुभवाने जाणतच होतो.

खरी गंमत यापुढे आहे. पाठीमागचा माणूस दिसत नाही. मग वळायचे कुणीकडे? "पाठीनं बघायचं," सुभेदार म्हणाले. तो उजव्या खांद्याला टेकला असेल तर डावीकडची वाट मोकळी. डाव्याला टेकला असेल तर उजवीकडची. मी उशी घेऊन कधी इकडे, कधी तिकडे टेके, आणि तिने डोळे मिटून बाजू सांगायची. आठवड्याभरात ती इतकी तरबेज झाली की मी टेकायचा विचार केला तरी तिला कळे. कबड्डी खेळलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

बाजू कळली की मोकळ्या बाजूचा पाय मागे, थेट माझ्या पायाच्या पलीकडे, टाकायचा. याला ड्रॉप स्टेप म्हणतात. तो पाय पडला आणि तिची कंबर माझ्या आडवी आली की मी मागच्या मागे कैद. एकदा चेंडू दोन्ही हातांनी जोरात आपटून घ्यायचा, दोन्ही पायांवर उडी मारायची आणि फळीवरच्या छोट्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला चेंडू हलकेच लावायचा. रिंग ३.०५ मीटर उंच, तिचा व्यास ४५ सेंटिमीटर. फळीला नीट लागला तर चेंडू तिथे जाऊनच पडतो. हे लिहिताना सोपे वाटते. पहिल्या महिन्यात तिचे पाऊल माझ्या पायाच्या पलीकडे पडण्याऐवजी पायावरच पडे. मी कचेरीत चपला घालून जाऊ लागलो. साहेबांनी विचारले तेव्हा मी संधिवात सांगितला.

याच सुमारास तिने जॉर्ज मायकन नावाच्या अमेरिकन खेळाडूची जुनी फिल्म कुठूनशी शोधून मला दाखवली. सहा फूट दहा इंच उंची, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि तरुणपणी इतका अवघडलेला की प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या आणि चक्क नाच शिकायला पाठवले! तोच पुढे असा खेळला, की व्यावसायिक सामन्यांतला रिंगखालचा पट्टा १९५१ साली सहा फुटांवरून बारा फुटांचा करावा लागला. रिंगखाली उभे राहून एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्याने, चेंडू जमिनीवर पडू न देता टाकत राहण्याच्या सरावाला जगभर त्याचेच नाव आहे. लेकीने फिल्म तीनदा पाहिली. आपल्याहून अवघडलेला माणूस जगात होऊन गेला, याचा तिला फार धीर आला असावा. पुढे केरळच्या गीतू ॲना जोसबद्दल तिने वाचले: सहा फूट दोन इंच उंचीची, भारताकडून बास्केटखालीच खेळलेली, २०११ साली अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांनी चाचणीला बोलावलेली. तिचे चित्र आमच्या वाड्याच्या भिंतीवर आले. आईने विचारले, "हिचं लग्न झालंय का गं?"

हा खेळ जेम्स नेस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या ख्रिस्ती तरुण संघाच्या शाळेत काढला. पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता म्हणून रिंग आजही दहा फुटांवर. पुढे थोड्याच दिवसांत सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो मुलींना शिकवला, पण मैदानाचे तीन भाग करून! मुलीने आपला भाग ओलांडायचा नाही, दुसरीच्या हातून चेंडू हिसकायचा नाही. त्या काळात मुलींना खेळू देणे हेच धाडस होते, त्यामुळे बाईंना दोष देत नाही. आमच्या गावाशीही याचा एक दूरचा धागा आहे. १८३१ पासून नगरात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशननेच १९२७ साली मुंबईत नागपाडा नेबरहुड हाऊस काढले, आणि त्या नागपाड्याच्या गल्ल्यांतून अब्बास मुन्तसीरसारखा भारताचा कर्णधार निघाला. हे मी आईला सांगितले. तिने विचारले, उशीचा अभ्रा कोण धुणार?

वर्षभराने पुन्हा सामना. समोर उत्तरेकडच्या तालुक्यातला तयारीचा संघ. माझे लक्ष चेंडूकडे नव्हतेच. मी तिचे पाय पाहत होतो. चेंडू आला. हनुवटीखाली गेला. पाठीमागची मुलगी तिच्या उजव्या खांद्याला टेकली, आणि माझा डावा पाय आपोआप आखडला, कारण आता पाऊल कुठे पडणार ते मला ठाऊक होते. पडले. फळीला चेंडू लागल्याचा आवाज मी डोळे मिटून ऐकला. तिने चौदा गुण केले. मध्यंतरानंतर दोन-दोन मुली तिला धरू लागल्या, तेव्हा तिने चेंडू बाहेर मैत्रिणीकडे फेकला आणि मैत्रिणीने गुण केला. सुभेदारांनी टाळी वाजवली ती एवढी एकदाच.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे. चेंडू तिच्याकडे. तिने टाकण्याचा आव आणला, समोरची मुलगी हवेत उडाली, आता तिच्या काखेखालून पाऊल पुढे टाकून चेंडू वर द्यायचा. हा डाव आम्ही नुकताच शिकत होतो. तिवडा घसरला. चार बोटे, जास्त नाही. शिट्टी वाजली, चेंडू गेला, सामना गेला.

मला वाटले, झाले! आता पुन्हा बूट पिशवीत. मी काही बोलायच्या आत फोटोवाल्याने दोन्ही संघांना एकत्र उभे केले. कॅमेऱ्यातून पाहून तो म्हणाला, "ए, मागची उंच मुलगी, जरा खाली वाक. डोकं कापलं जातंय." ती वाकली नाही. त्याने पुन्हा सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही मागे सरका ना." त्याच्या मागे पाण्याचा पिंप होता. तो बाजूला ढकलून तो दोन पावले मागे सरकला.

तो फोटो आईने देवघराशेजारी लावला आहे. दुसऱ्या दिवशी रविवार. आपल्याला झोपू देतील या भरवशावर मी होतो. साडेपाचला कोणीतरी अंगावरचे पांघरूण ओढले. समोर बूट घातलेली लेक, बगलेत उशी.

"बाबा, उठा. सर म्हणालेत, आजपासून डावीकडून."