बाभळीच्या पेनावर फेविक्विकची झिलई

फेविक्विकच्या पाच रुपयांच्या ट्यूबमध्ये जेमतेम अर्धा ग्रॅम द्रव असतो. किराणा दुकानाच्या दारात शांपूच्या पुड्यांशेजारी तिची माळ लोंबत असते आणि चपलेचा अंगठा, खेळण्याचे चाक, रिमोटचे झाकण असल्या कामाला आपण ती नेतो. याच जातीच्या द्रवाचे पातळ थर एकावर एक चढवून लाकडी पेनाला पॉलिश करतात, असे सांगितले तर मुरलेला सुतारही आधी हसेल. चिकटवायची वस्तू ती, तिचे पॉलिश कसले? पण अमेरिका-इंग्लंडमध्ये घरच्या घरी छोट्या लेथवर पेन घडवणाऱ्या हौशी लोकांत ही पद्धत चांगलीच रुळली आहे. ती रुळण्यामागे कारणेही आहेत.

आपल्या देशात हातघडणीचा पेन म्हटला की आधी राजमहेंद्रीचे रत्नम आठवते. स्वदेशीच्या काळात सुरू झालेले ते काम एबोनाइटचे, म्हणजे कडक केलेल्या रबराचे. पुण्यात फॉस्फर या नावाने लेथवर पेन घडवले जातात. आमच्या नांदेड-लातूरची ख्याती मात्र पेन घडवण्याची नसून पेन झिजवण्याची आहे. ‘लातूर पॅटर्न’ने राज्याला डॉक्टर-इंजिनिअर पुरवण्याचा मक्ताच घेतला. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या क्लासेसमध्ये मुले वर्षाकाठी रिफिलींचा ढीग संपवतात, पेन कचऱ्यात जातो. तरीही या झिलईला लागणारे लाकूड, तेल आणि हवा या दोन जिल्ह्यांत आहे. त्यातली हवा फार तऱ्हेवाईक आहे, म्हणून ही पद्धत इकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्यातच पारखून घ्यावी असे मला वाटते.

लाकडाचा तोटा नाही. बाभूळ तर पायलीला पन्नास. तिफण, वखर, बैलगाडी हे सगळे तिच्यावरच चालायचे. ट्रॅक्टर आल्यावर ती बरीचशी सरपणाला गेली. तिचा गाभा तांबूस, घट्ट आणि जड असतो. चिंचेचे खोड केवढे थोरले, पण गडद जांभळट गाभा त्या मानाने लहान. म्हणून तो निघाला की जपून ठेवावा. बोरीचे लाकूडही लालसर आणि चिवट. साग किनवटच्या जंगलात आहे, पण तिथला तोडायचा तर वनखात्याचा परवाना हवा. त्यापेक्षा जुन्या माळवदाच्या घरातून निघालेली तुळई बरी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागाने माळवदाची धास्ती घेतली, पत्रे आणि स्लॅब आले आणि उतरवलेल्या घरांचा सागवान भंगारवाल्यांकडे पोचला. कित्येक दशके वाळलेल्या त्या लाकडाने आपले आकसणे केव्हाच उरकलेले असते. पेनाला नेमके तेच हवे, कारण आत पितळी नळी असते. पितळ आकसत नाही, लाकूड आकसते. ओल्या बाभळीचा पेन केलात तर पहिल्याच चैत्रात त्याला उभी चीर पडते.

आता त्या द्रवाकडे. त्याचे रासायनिक नाव सायनोअ‍ॅक्रिलेट. १९४२ साली ईस्टमन कोडक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हा पदार्थ हात लागेल त्याला चिकटतो, म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. १९५१ मध्ये जेट विमानाच्या छताचे काम चालले असताना फ्रेड जॉयनर यांनी त्याचा थेंब एका महागड्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये ठेवला. लोलक काही केल्या सुटेनात, तेव्हा कूव्हर यांच्या लक्षात आले की खोड म्हणून नाकारलेला गुण हाच खरा माल आहे. १९५८ मध्ये तो ‘ईस्टमन ९१०’ नावाने बाजारात आला. व्हिएतनाम युद्धात त्याचा फवारा मारून जखमांचे रक्त थांबवले गेले आणि पुढे त्याच कुळातले एक रसायन टाक्यांऐवजी कातडी जोडायला आले.

हा द्रव वाळत नाही. तेल किंवा व्हार्निश हवेत वाळते, इथे भलतेच घडते. पृष्ठभागावरच्या आणि हवेतल्या ओलाव्याचा स्पर्श झाला की सुटे रेणू एकमेकांचे हात धरून लांबलचक साखळ्या बनवतात आणि द्रवाचे घट्ट प्लॅस्टिक होते. म्हणजे पेनावर जे चढते ते विमानाच्या खिडकीला वापरतात त्या अ‍ॅक्रिलिकच्या भाऊबंदातले पातळ कवच. चिकटायला समोर दुसरी वस्तूच नसली की तो द्रव मुकाट्याने कवच बनतो.

काम असे चालते. पाचेक इंच लांब, पाऊण इंच जाडीचा चौकोनी तुकडा मधोमध कापायचा, दोन्ही भागांना सात मिलिमीटरचे आरपार भोक पाडून पितळी नळ्या बसवायच्या आणि ते सळईवर ओवून लेथवर चढवायचे. पटाशीने गोल केले, पॉलिश पेपरने घासले, भुसा झाडला. इथवर कोणताही खरादी डोळे मिटून करील. मग लेथचा वेग कमी करायचा, कागदी टॉवेलची घडी घ्यायची, तिच्यावर पातळ द्रवाचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि फिरत्या लाकडाच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच हात द्यायचा. तिथे रेंगाळलात की कागद लाकडालाच चिकटतो. पहिले थर लाकूड पिऊन टाकते, बाभळीचा तांबूस रंग एकदम गडद होतो आणि डोळ्यांत झणझणीत वाफ जाते. पंखा पाठीमागे हवा, तोंडासमोर नको. त्यानंतर जरा दाट द्रवाचे सहा-आठ थर.

खरी परीक्षा घासण्यात. वरचा थर खडबडीत, लाटालाटांचा असतो. ४०० किंवा ६०० नंबरच्या वॉटर पेपरने घासले की उंचवटे मंद होतात आणि खोलगट जागा ठिपक्याठिपक्यांनी चमकत राहतात. ते सगळे चमकते ठिपके मावळेपर्यंत थांबायचे नाही. मात्र नजर पडणाऱ्या भुकटीवर ठेवायची. पांढरी आहे तोवर तुम्ही प्लॅस्टिक घासताय. तपकिरी दिसू लागली की कवच फाटून लाकडापर्यंत पोचलात, पुन्हा पहिल्यापासून थर द्या. तिथून पुढे १५०० ते १२००० नंबरची बारीक घासकापडे पाण्यासोबत, शेवटी प्लॅस्टिकचे पॉलिश. तुकड्याची दोन्ही टोके आधी याच द्रवाने बंद करावी लागतात, नाहीतर घासतानाचे पाणी टोकातून आत शिरते आणि कवचाखाली पांढुरका डाग धरतो. लाकडाच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या लोखंडी बुशिंगवरही कवच चढते आणि काढताना कडेला टवका उडतो. म्हणून जाणते लोक पॉलिथिनचे बुशिंग वापरतात, कारण त्याला हा द्रव धड चिकटत नाही. या द्रवाची बाटलीही त्याच प्लॅस्टिकची असते.

हवामानाचे म्हणाल तर ४० ते ६० टक्के आर्द्रता या द्रवाला मानवते. वैशाखातल्या दुपारी लातूरची हवा वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी आणावे लागले ते हेच शहर, आणि इथे हा द्रव हवेतून पाणी मागतो! पहिला थर लाकडातल्या ओलीवर निभावतो, पण वरच्या थरांना नुसत्या हवेवर भागवायचे असते, त्यामुळे ते चिकचिकीत राहतात. घाई करून झटपट घट्ट करणारा फवारा भसाभसा मारला तर कवचात बुडबुडे धरतात. त्यापेक्षा सकाळी लवकर काम करावे, खोलीत ओले फडके टांगावे, दोन थरांत जास्त वेळ सोडावा. श्रावणात उलटे होते. थर चटकन धरतो, पण उडालेली वाफ दमट हवेत कडक होऊन लाकडावर पांढुरकी राख बसल्यागत बसते. गुन्ह्याच्या जागच्या वस्तूंवर बोटांचे ठसे उठवायला पोलीस याच वाफेचा उपयोग करतात. दिवाळीनंतरचे दिवस या कामाला सर्वांत चांगले.

काही जण खाली उकळलेल्या जवस तेलाचा हात देतात. त्याने रेषा खुलतात आणि कागद सरकतो. जवस लातूरला परका नाही. एलएसएल-९३ हा त्याचा वाण लातूरचाच, पण आपल्याकडे त्याची मजल चटणीपर्यंत. तेलाने माखलेले फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ते आपसूक तापून पेट घेऊ शकते. आणि नांदेडकरांना हे जरा टोचेल: एनएचएच-४४ सारख्या गाजलेल्या संकरित वाणाच्या या गावात कापूस घरोघरचा, पण या कामात सुती फडके किंवा सुती हातमोजे वर्ज्य. सुतावर हा द्रव सांडला की इतक्या झपाट्याने घट्ट होतो की धूर निघतो आणि कातडी भाजते. कागदच बरा.

आपल्या खराद्यांना लाकडावर चढवायला नवीन काही नको होते, त्यांच्याकडे लाख होती. पाळणे, पलंगाचे खूर, लाटणी यांवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने ती वितळवत. सावंतवाडीला राजघराण्याने १९७० च्या दशकात लाखकामाला पुन्हा आश्रय दिला, म्हणून ते तिथे टिकले. लाखेची ऊब आणि खोली सायनोअ‍ॅक्रिलेटला नाही, हे मी कबूल करतो. पण पाळण्याचा खूर दिवसभर कुणी मुठीत धरत नाही. पेन घामेजल्या बोटांत फिरतो, खिशात किल्ल्यांशी घासतो, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर पडतो. लाख उष्णतेने मऊ पडते आणि अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणजे हाताला सॅनिटायझर लावून पेन उचलला की संपलेच. हे कवच अल्कोहोलला दाद देत नाही. त्याचा दोष ठिसूळपणाचा. पेन शहाबादी फरशीवर पडला तर कडेचा टवका जातो.

दुसरा आक्षेप माझ्या मते जास्त खरा आहे. बोटांना लागते ते प्लॅस्टिक, लाकूड फक्त दिसते. बाभूळ, बोर, चिंच यांच्या बाबतीत मला ते चालते, कारण त्यांची मजा रेषांत आहे. चंदनाला मात्र हे करू नये. ज्याचा वासच विकत घ्यायचा, त्याचे तोंड बंद करून कशाला ठेवायचे? तिथे मेण पुसून द्यावे आणि डाग पडतील तर पडू द्यावेत. सागाला आणि शिसवीला अंगचे तेल असते, ते अ‍ॅसिटोनने पुसल्याशिवाय थर नीट धरत नाही.

दोन-चार वर्षांनी कवच सुटू लागते ते बहुधा टोकाला, रिफिल बदलताना जिथे पिळतात तिथे. तेवढा भाग घासून वरून थर देता येतो. सगळेच काढायचे तर अ‍ॅसिटोन आहे, त्यात ते मऊ पडून निघते. पण पितळी नळीही याच द्रवाने बसवली असेल तर तीही सुटेल, म्हणून नळी बसवताना आधीच दोन घटकांचे इपॉक्सी वापरावे.