लोगानची वाढलेली रेस

सकाळी 8.30. लोगान आदल्या संध्याकाळीच आणून लावा, असं मी गाडीच्या मालकांना, काकांना सांगितलं होतं. न्यूट्रलला रेस वाढून राहणारी गाडी तापलेली असताना तपासली, तर निम्मं निदान हातचं जातं. गाडी 2008ची, 1.4 पेट्रोल. महिंद्रा-रेनोने 2007 साली लोगान बाजारात आणली ती आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनवून, त्यामुळे या गाडीवर माझा जरा जास्तच जीव आहे.

चावी ऑन करून आधी स्कॅनर लावला. रात्रभर उभ्या गाडीत कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. 22 आणि 23. म्हणजे कुलंट सेन्सर ठीक. तो बिघडून चुकीचं थंड तापमान दाखवत असता, तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, इंजिन कायम थंडच वाटलं असतं आणि त्याने रेस चढीच ठेवली असती. हा सेन्सर न तपासताच बदलायला लावतात, त्याची मला चीड येते.

8.45. सेल मारला. रेस 1,200 आरपीएम. थंड इंजिनाला योग्यच. गाडी तापेपर्यंत माझ्याकडे शिकणारा आयटीआयचा पोरगा बोलेरोचं ऑइल उतरवायला बसला.

9.10. रेडिएटरचा पंखा फिरून थांबला. आता आकडा 750च्या आसपास यायला हवा, तो 1,400 सोडेना. एसी बंद आहे, एक्सिलेटरच्या केबलला ढील आहे, मॅट पेडलला अडत नाही. न्यूट्रलची हवा कमी-जास्त करणारी स्टेपर मोटर स्कॅनरवर शून्याजवळ.

“भाऊ, मोटर गेली का?” पोराने विचारलं.

“शून्य म्हणजे ईसीयू तिला हवेची वाट बंद करायला सांगतोय. ती खरंच बंद करते का, ते बघू.”

मोटर काढली. सुईवर काळा कार्बन. साफ केल्यावर ती सुरळीत मागेपुढे होऊ लागली. परत बसवून गाडी चालू केली, तरी 1,350. म्हणजे हवा दुसरीकडून शिरत होती.

या गाडीत येणारी हवा थेट मोजणारं मीटर नाही. मॅनिफोल्डमधला दाब बघून ईसीयू पेट्रोल ठरवतो. थ्रॉटलनंतर कुठूनही हवा शिरली की दाब वाढतो, त्या हिशेबाने पेट्रोल वाढतं आणि रेस चढते. इंजिन थरथरत नाही, उलट छान फिरतं, म्हणून लीकचा संशयच येत नाही.

11.00. ब्रेक बूस्टरचा पाइप दाबून बघितला, फरक नाही. इंजिनच्या वाफेचा पाइपही शाबूत. बरेच जण लीक शोधायला कार्ब क्लीनर मारतात. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, त्यामुळे तापलेल्या एक्झॉस्टवर तो स्प्रे म्हणजे आगीला आमंत्रण. मी साध्या पाण्याची बारीक फवारणी करतो, तीही जपून. थ्रॉटल बॉडी मॅनिफोल्डवर बसते त्या सांध्यावर थेंब पडले, शिरणाऱ्या हवेचा सुस्कारा थांबला, काटा 1,100वर आला आणि पाणी ओढलं जाताच पुन्हा वर गेला.

12.30. गार झाल्यावर थ्रॉटल बॉडी उतरवली. खालचं रबरी सील चपटं, टणक. नख दाबलं तर तडकलं. वर स्टॉप स्क्रूवर पान्याच्या खुणा. मागे कार्बनमुळे सिग्नलला गाडी बंद पडायची, तेव्हा कुणीतरी स्क्रू आत घेऊन रेस वाढवून दिली होती, असं काका फोनवर म्हणाले. तो स्क्रू हवा सेट करायला नसतोच. थ्रॉटलची पाकळी बंद होताना अडकू नये, एवढंच त्याचं काम.

मुंबई नाक्याहून सील यायला 3 वाजले. त्यात बोलेरो उरकली, जेवण झालं.

4.30. नवीन सील, स्क्रू मूळ जागी. काकांना शेजारी बसवून त्र्यंबक रोडने निघालो. आयटीआय सिग्नलला न्यूट्रल केली: 760. एसी लावल्यावर थोडी वाढली, ती वाढायलाच हवी.

“एवढ्याशा रबरासाठी दिवस गेला?” काका म्हणाले.

रबराला पैसे थोडेच लागले, बिल शोधण्याचं झालं, आणि ते मी काकांना स्पष्ट सांगितलं. तुमच्याही जुन्या गाडीची रेस वाढली तर ती रात्रीच मेकॅनिककडे सोडा, आणि हवा कुठून शिरते हे सापडेपर्यंत स्टॉप स्क्रूला कुणालाही हात लावू देऊ नका.