आतड्यातले जठर

आमच्या आत्याबाई जामखेड तालुक्यातल्या. दोन वर्षे त्यांच्या अंगात रक्त कमी होते. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. म्हणून काळ्या रंगाची शंका कुणालाच आली नाही. शेवटी तोंडातून दुर्बीण घातली, तेव्हा लहान आतड्याच्या तोंडाशी गाठ दिसली. ‘गाठ’ ऐकताच घरात रडारड झाली. बायोप्सीच्या कागदावर मात्र ‘पायलोरिक ग्लँड अ‍ॅडेनोमा’ असे नाव होते. त्या नावाचा अर्थ शोधताना जे कळले, ते असे.

जठर संपते तिथे सुमारे 25 सेंटीमीटर लांबीचे आद्यांत्र सुरू होते. जठराच्या शेवटच्या भागात श्लेष्मा पाझरणाऱ्या ग्रंथी असतात. या गाठीची पेशीरचना हुबेहूब त्या ग्रंथींसारखी असते. आतड्यात जठर आले कसे? गर्भात जठर आणि आतडे एकाच नळीतून घडतात; त्या वेळी जठराच्या अस्तराचा एखादा तुकडा आतड्यात राहून जातो. कधी आम्लाच्या सततच्या माऱ्याने आतड्याचे अस्तरच जठराचे रूप घेते. शिवाय योहान ब्रुनर यांनी सतराव्या शतकात वर्णिलेल्या आद्यांत्रातल्या ग्रंथीही याच कुळातल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दाटीने बसलेल्या बारीक नळ्या दिसतात. ‘एमयूसी-6’ हे श्लेष्मप्रथिन दाखवणारी रंगचाचणी त्यांची जठराशी असलेली जात पक्की करते.

अशी गाठ जठरात त्या मानाने अधिक आढळते, आद्यांत्रात क्वचित. ती कर्करोग नव्हे. शेजारच्या पेशीजालात घुसत नाही, दूर पसरत नाही. पण तिच्यातल्या पेशी पुढे बिघडून कर्करोग होऊ शकतो. म्हणून ती पूर्ण काढायची आणि पूर्ण तपासायची. ‘साधी’ म्हणजे ‘राहू द्या’ नव्हे.

याच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने गावातल्या बायकांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. दुर्मीळ गाठीचे नाव गावात कुणाला ठाऊक असण्याची गरज नाही. पण शौचाला डांबरासारखे काळे, चिकट होते का आणि गोळ्या घेऊनही रक्त का भरत नाही, हे दोन प्रश्न घरातच विचारता येतात. आत्याबाईंची गाठ दुर्बिणीतूनच निघाली. आम्ही ते प्रश्न दोन वर्षे उशिरा विचारले, एवढी खूणगाठ मात्र बांधून ठेवली आहे.