विजेची जुनी मोटार : दाखला आणि दम

बैलबाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी तीन गोष्टी करतो. तोंड उघडून तो दात पाहतो, चार पावले चालवून चाल पाहतो, आणि मालकाची तयारी असेल तर बैलाला गाडीला जुंपून त्याचा दम पाहतो. दातांवरून वय कळते, चालीवरून लंगड कळते; पण ओझे ओढून तो किती कोस जाईल, हे जुंपल्यावाचून कळत नाही. आज आम्ही ज्या विषयाचा विचार करणार आहोत, तो याच जातीचा आहे. विजेवर चालणारी जुनी मोटार घेताना सरकारी योग्यतेच्या दाखल्यावर कितपत विसंबावे, हा आपला प्रश्न. हा दाखला आपल्याला दात दाखवतो, चाल दाखवतो, की दमही दाखवतो?

हा प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. आपल्या देशात विजेची छोटी मोटार ‘रेवा’ २००१ साली बंगळूरहून बाजारात आली, परंतु ती शहरातल्या शहरात फिरणारी होती. सामान्य कुटुंबाने लांबच्या प्रवासाला वापरावी अशी ‘नेक्सॉन’ ही टाटांची विजेची मोटार जानेवारी २०२० मध्ये आली. तिच्यासारख्या मोटारींचे पहिले मालक आता त्या विकू लागले आहेत, आणि स्वस्तात मिळते म्हणून आपल्याकडचे शिक्षक, डॉक्टर, व्यापारी त्यांची चौकशी करू लागले आहेत.

चंद्रपूरहून मूल, सावली करीत गडचिरोलीला जायचे तर सुमारे ८० किलोमीटर पडतात. तेवढे कोणतीही बरी मोटार सहज जाईल. पण चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली या वाटेने भामरागडकडे निघालो, तर पावणेदोनशे किलोमीटरांच्या पुढे जावे लागते, आणि आलापल्ली सोडल्यावर दोन्ही बाजूंना जंगल असते. तिथे अपरात्री रुग्णाला घेऊन निघालेली मोटार थांबली, तर वीज भरायला जवळ ठिकाण नाही. पेट्रोल संपले तर कोणी डबा आणून देतो; वीज डब्यात आणता येत नाही. म्हणून शहरात जी गैरसोय, ती आपल्या जिल्ह्यांत संकट ठरते.

आता कायदा काय तपासतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे योग्यतेचा दाखला लागतो तो भाड्याच्या व मालाच्या, म्हणजे परिवहन वाहनांना. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते. ती संपल्यावर तपासणी होऊन पुढे ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. एम. एच. ३४ वा एम. एच. ३३ क्रमांकाची पाच वर्षांची खाजगी मोटार आपण विकत घेतो, तेव्हा नोंदणीच्या दिवसानंतर कोणत्याही सरकारी परीक्षकाने तिच्याखाली डोकावून पाहिलेले नसते. पेट्रोलच्या मोटारीला निदान धुराची पीयूसी तरी काढावी लागते. विजेच्या मोटारीला धूर नाही म्हणून तीही नाही. तिच्या हिरव्या पाटीवरची अक्षरे पांढरी असतील तर ती खाजगी, पिवळी असतील तर भाड्याची. भाड्याची मोटार अधूनमधून परीक्षेला बसलेली असते. खाजगी मोटार बहुधा एकदाही बसलेली नसते.

कोणी म्हणेल, बॅटरीसाठी सरकारने कडक मानके केली आहेत ना? केली आहेत. २०२२ च्या वसंतात विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेची सुधारलेली मानके १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. पण ती परीक्षा नव्या नमुन्याची असते, आपल्या दारात उभ्या असलेल्या वापरलेल्या मोटारीची नव्हे. वाण चांगले ठरले म्हणून प्रत्येक पीक चांगले येतेच असे नाही.

परीक्षेचा भरवसा हा शब्द आपण सैलपणे वापरतो. त्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक, तीच मोटार आज आणि उद्या, या परीक्षकाकडे आणि त्या परीक्षकाकडे नेली, तर निकाल एकच येतो काय? दुसरी, जे तपासायला हवे तेच तपासले जाते काय? पहिल्या गोष्टीसाठी आपल्या सरकारने २०२१ मध्ये यंत्रचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. ब्रेकची ओढ, दिव्यांचा रोख, चाकांची सरळ चाल हे डोळ्यांच्या अंदाजावर न सोडता यंत्राने मोजावे, हा त्यांचा हेतू. तो स्तुत्यच आहे. पण यंत्र कितीही अचूक असले, तरी जे मोजायला त्याला सांगितलेलेच नाही ते ते मोजणार नाही. दुसरी गोष्ट राहतेच.

ज्या देशांत ही परीक्षा सर्व खाजगी मोटारींना सक्तीची आहे, तिथेही हेच दिसते. ब्रिटनमध्ये अशी परीक्षा १९६० साली सुरू झाली. तेव्हा ती दहा वर्षांच्या मोटारींना होती. आज तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी होते. जर्मनीत नवी मोटार तीन वर्षांनी व पुढे दर दोन वर्षांनी तपासतात. डिसेंबर २०२५ मध्ये जर्मनीतील ‘ट्यूफ’ या तपासणी संस्थेचा जो अहवाल निघाला, त्यात दोन-तीन वर्षांच्या मोटारींमध्ये टेस्लाची ‘मॉडेल वाय’ शेवटची आली, तिच्या १७.३ टक्के गाड्यांत गंभीर दोष निघाले. ते दोष कशाचे? मुख्यतः ब्रेकच्या चकत्या, चाकांचे सांधे व दिवे यांचे. त्याच अहवालात इतर काही विजेच्या मोटारी उत्तम उतरल्या. म्हणजे दोष विजेचा नव्हे, देखभालीचा. पण या दोन्ही देशांत बॅटरीत किती शक्ती उरली आहे, हे ती नेहमीची परीक्षा मोजत नाही. दात पाहिले, चाल पाहिली. दम पाहिला नाही.

ब्रेकचे कारण समजून घेण्याजोगे आहे. विजेची मोटार वेग कमी करताना तिचे यंत्र उलट काम करून वीज परत बॅटरीत भरते. त्यामुळे लोखंडी चकत्यांवर घर्षण फार कमी होते. वापर नसला की त्यांवर गंज चढतो, आणि ज्या दिवशी जोराने ब्रेक लावायची वेळ येते त्या दिवशी ते कमी पडतात. आमच्याकडे चार महिन्यांचा पावसाळा आणि ओलसर जंगल. तेव्हा हा दोष इथे अधिक संभवतो. शिवाय बॅटरी मोटारीच्या तळाशी असते. जड ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावरचा दगड किंवा नाल्यावरचे पाणी प्रथम तिलाच भेटते. यास्तव जुनी मोटार घेताना ती वर उचलून खालचे कवच पाहिल्यावाचून सौदा करू नये.

आता दमाकडे वळू. लिथियमची बॅटरी दोन प्रकारांनी झिजते : वापराने आणि नुसत्या काळाने. काळाची झीज उष्णतेने वाढते. दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. मे महिन्यात आमच्या चंद्रपुरात पारा ४६-४७ अंशांवर जातो. अशा उन्हात पूर्ण भरलेली मोटार दिवसचे दिवस उभी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य जाळणे होय. म्हणून एकाच वर्षाच्या, सारखेच किलोमीटर चाललेल्या दोन मोटारींची बॅटरी सारखी असेलच असे नाही. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर जो जागतिक नियम ठरला, त्यात बॅटरीची शक्ती ५ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत निदान ८० टक्के, आणि ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत निदान ७० टक्के उरावी, अशी किमान रेषा आखली आहे. कसोटीला हे माप बरे.

ते घरी मोजता येईल काय? बऱ्याच अंशी येते, आणि त्याला विजेचा मीटर पुरतो. समजा, मोटारीची नवी असतानाची बॅटरी ३०.२ युनिटांची आहे. मोटार २० टक्क्यांपर्यंत चालवून आणावी, आणि स्वतंत्र मीटर लावून १०० टक्क्यांपर्यंत भरावी. ८० टक्के भरणे म्हणजे नव्या बॅटरीत सुमारे २४ युनिट जाणे. भरताना आठव्या हिश्श्याइतकी वीज वाया जाते असे धरले, तर मीटरवर सुमारे साडेसत्तावीस युनिट पडावेत. आपल्या मीटरवर २१ च पडले, तर बॅटरीत साडेअठरा गेले. म्हणजे पूर्ण बॅटरी आता २३ युनिटांची, नव्याच्या ७६-७७ टक्के. हे माप ढोबळ आहे; काट्याचे टक्केही थोडे चुकतात. म्हणून ते दोनदा करावे, आणि बॅटरीच्या प्रकृतीचा लेखी अहवाल सेवा केंद्रातून मागून त्याच्याशी ताडून पाहावे. दोन्ही जुळले तर भरवसा वाढतो. काट्यावर दिसणाऱ्या ‘उरलेल्या किलोमीटरां’वर मात्र विसंबू नये, तो मागच्या प्रवासावरून केलेला अंदाज असतो. तसेच बॅटरीची हमी, बहुधा ८ वर्षे वा १ लाख ६० हजार किलोमीटरची, नव्या मालकाकडे चालू राहते की नाही, हे कागदावर पाहावे.

मग दाखला निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. ब्रेक, दिवे, सुकाणू यांची परीक्षा रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या जिवासाठी असते, आणि खाजगी मोटारींनाही ती १५ वर्षांच्या कितीतरी आधी व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण दाखला एका दिवसाची साक्ष देतो. पुढच्या दिवसांची जबाबदारी मालकाची. कायद्याचे कलम १९० हेच सांगते : धोकादायक स्थितीतील वाहन रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे, मग खिशात कागद कोणताही असो.

शेतकऱ्याने दात पाहिले म्हणून जुंपून पाहायचे सोडले नाही. आपणही सोडू नये. आलापल्लीच्या पुढच्या रस्त्यावर रात्री मोटारीत आपली माणसे असतील, तेव्हा तिचा दम आपण आधी पाहिलेला असावा.