गाळलेलं पाणी शुद्ध असतं का? मिश्रणं आणि ती वेगळी करण्याच्या पद्धती

आज मारेगावात बोलतोय, तर विषय पुस्तकातून न घेता घरच्या माठातूनच घेऊ.

इथे दोन ग्लास ठेवलेत. एकात पावसाळ्यातलं गढूळ पाणी, दुसऱ्यात बोरिंगचं, अगदी नितळ. यातलं शुद्ध कोणतं? तुम्ही सगळ्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलंत. रसायनशास्त्राच्या भाषेत मात्र दोन्ही मिश्रणंच आहेत.

आपण 'शुद्ध दूध' म्हणतो तेव्हा त्यात वरून पाणी घातलेलं नाही, एवढाच अर्थ असतो. विज्ञानात शुद्ध म्हणजे ज्यात एकच पदार्थ आहे ते. तांबं हे मूलद्रव्य, साखर हे संयुग, म्हणून दोन्ही शुद्ध. दूध मात्र पाणी, स्निग्धांश, प्रथिनं आणि शर्करा यांचं मिश्रण.

मिश्रणातले घटक आपापले गुणधर्म सोडत नाहीत. ते वेगळे करायचे, तर गुणधर्मांतला फरक शोधायचा. तुरीची डाळ सुपात पाखडली की टरफल उडतं, कारण ते हलकं असतं. मिठागरात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, कारण मिठाची वाफ होत नाही.

आता पहिला ग्लास. गढूळ पाणी हे विषमांगी मिश्रण. मातीचे कण त्यात तरंगत असतात. तुरटी फिरवली की बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. उरलेले फडक्यात अडकतात.

दुसरा ग्लास समांगी, म्हणजे द्रावण. यातले क्षार विरघळलेले आहेत. ते तळाशी बसत नाहीत आणि फडक्यातून सहज पार होतात. फ्लोराइड त्यातलंच. त्याला रंग नाही, वास नाही. जमिनीखालच्या खडकातून ते पाण्यात उतरतं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः पांढरकवडा परिसरात, भूजलात ते जास्त असल्याच्या नोंदी आहेत. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर लहान मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि ते आपोआप जात नाहीत. प्रमाण फारच जास्त असेल तर हाडं आणि सांधे आखडतात.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग पाणी उकळून प्यायलं तर?)

चांगला प्रश्न. उकळल्यानं जंतू मरतात, त्यासाठी जरूर उकळा. पण फ्लोराइडचं काय होतं, हिशोब करू. १० लिटर पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण २० मिलिग्रॅम. उकळून ८ लिटर उरलं, पण फ्लोराइड २० मिलिग्रॅमच राहिलं. आता लिटरला अडीच झालं! तीच वाफ पकडून थंड केली तर ते ऊर्ध्वपातन, आणि ते पाणी खरोखर जवळजवळ शुद्ध. पण रोज घरभर पुरेल एवढ्या पाण्याला सरपण आणायचं कुठून?

म्हणून दुसरे मार्ग आहेत. नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केलेली नालगोंडा पद्धत घ्या. त्यात चुना आणि तुरटी मोजून घालतात, ढवळतात. पाण्यात मऊ पुंजके तयार होतात, ते फ्लोराइडला धरून तळाशी बसतात. प्रमाण पाणी तपासून ठरवावं लागतं, नुसता तुरटीचा खडा फिरवून भागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे सक्रिय ॲल्युमिना. त्याच्या दाण्यांच्या पृष्ठभागावर फ्लोराइड चिकटतं, मात्र दाणे भरले की ते धुऊन परत तयार करावे लागतात किंवा बदलावे लागतात. तिसरा आर.ओ. त्यात दाब देऊन पाणी पडद्यातून ढकलतात आणि क्षार मागे राहतात. ते मागे राहिलेलं पाणी पिण्यासाठी किंवा स्वयंपाकाला वापरू नका.

एकच गोष्ट घरी घेऊन जा. काय मिसळलंय आणि कसं मिसळलंय हे कळल्याशिवाय पद्धत निवडता येत नाही, आणि विरघळलेलं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तुमच्या बोरिंगच्या पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत तपासायला पाठवा आणि फ्लोराइडचा आकडा आवर्जून विचारा. फिल्टर घ्यायचा की नाही, घ्यायचा तर कोणता, हे तो आकडा हातात आल्यावर ठरवा.