खिडकीवरची चादर

१९७९ च्या उन्हाळ्यात सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या घरी आई महिन्यातून दोनतीनदा खिडकीवर जाड सोलापुरी चादर टाकून पडून राहायची. कपाळाला सुंठीचा लेप, त्यावर घट्ट आवळलेला रुमाल. "अर्धशिशी चढलीय," एवढंच बोलायची. मी जेवण मागायला दार उघडलं की उजेडानं कळवळायची. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चादरीच्या काठासारखी नागमोडी नक्षी लखलखते आणि हळूहळू कडेला सरकते, असं ती सांगायची. घरात कुणाला ते खरं वाटलं नाही. मलाही नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशले यांनाही तशीच नक्षी दिसायची. त्यांनी ती कागदावर उतरवली आणि १९४१ मध्ये हिशेब मांडला : मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं सरकतंय. अर्धशिशीबद्दलच्या सगळ्या शोधांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. दुखणाऱ्याचं सांगणं इथं पुरावा ठरलं. पुढं १९४४ मध्ये ब्राझीलच्या लेआंव यांना सशाच्या मेंदूत तशीच संथ लाट सापडली. ती जिथून जाते तिथल्या पेशी काही मिनिटं गप्प होतात. लेआंव खरं तर अपस्माराचा अभ्यास करत होते.

मग ठणका कुठून येतो? रक्तवाहिन्या फुगतात म्हणून, असं बराच काळ मानलं गेलं. आई अंधारात पडून असायची त्याच १९७९ साली संशोधक मायकेल मॉस्कोविट्झ यांनी बोट ठेवलं ते चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूवर. त्याचे धागे मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवती पसरलेले असतात. १९९० मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन यांना अर्धशिशीच्या झटक्यात मानेच्या शिरेतल्या रक्तात याच धाग्यांतून सुटणारं सीजीआरपी हे द्रव्य वाढलेलं आढळलं. त्यालाच अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून अमेरिका-युरोपात मिळू लागली.

उजेडाचं कोडं २०१० मध्ये सुटू लागलं. बोस्टनच्या संशोधकांना उंदरांच्या मेंदूत, थॅलॅमसमध्ये, अशा पेशी दिसल्या की ज्यांच्याकडे डोळ्यातून येणारा उजेडाचा संदेश आणि मेंदूच्या आवरणाकडून येणारा वेदनेचा संदेश असे दोन्ही पोचतात. उजेड पडला की त्या पेशी आणखी पेटतात.

हे मी आईला सावकाश समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तेव्हा दार का उघडायचास रे?"