कारखान्यात जाताना प्रश्न घेऊन जा

रत्नागिरीजवळच्या मिरजोळे एमआयडीसीत कारखान्यांच्या शेजारीच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. फिनोलेक्स अकॅडमी १९९६ साली सुरू झाली ती इथेच. माशांपासून सुरिमी बनवणारी गद्रे मरिन ही कंपनीही याच वसाहतीतली. शिरगावला मत्स्य महाविद्यालय, मिरकरवाड्याला मासेमारीचं बंदर. शिकण्याच्या आणि करून पाहण्याच्या जागा इतक्या हाकेच्या अंतरावर क्वचितच सापडतात.

पण नुसत्या शेजाराने शिक्षण होत नाही.

सुरिमीचंच उदाहरण घ्या. राणी माशासारख्या माशांचं मांस काट्या-कातडीपासून वेगळं करतात, त्याचा खिमा थंडगार पाण्यात धुतात, पाणी पिळून काढतात आणि साखर मिसळून गोठवतात. ही साखर मुख्यतः चवीसाठी नसते. गोठताना प्रथिनांची रचना मोडू नये म्हणून ती घालतात. प्रत तपासायची एक पद्धत अगदी साधी आहे. शिजवून घट्ट केलेल्या सुरिमीची तीन मिलिमीटर जाडीची चकती घ्यायची आणि रुमालासारखी दोनदा दुमडायची. चीर गेली नाही, तर माल उत्तम. पुस्तकात दोन पानांत उरकलेला प्रथिनांचा धडा इथे बोटांना कळतो. मात्र ‘धुवायला पाणी थंडच का?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने वर्गातून आणला नसेल, तर त्याला नुसती यंत्रं दिसतात.

वर्ग आणि कारखाना जोडण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्येच अभियांत्रिकीच्या मुलांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. पिलानीच्या बिट्स या संस्थेने १९७३ पासून विद्यार्थ्यांना उद्योगांत पाठवणारं ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालवलं आहे. आपल्या कोकण कृषी विद्यापीठातले कृषी पदवीचे विद्यार्थीही शेवटच्या वर्षी गावात जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करतात.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे इतर शाखांतही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला श्रेयांक मिळू लागले आहेत. एक श्रेयांक म्हणजे प्रात्यक्षिकाचे ३० तास. चार श्रेयांकांचे १२० तास झाले. हे तास वाया जाऊ नयेत म्हणून जाण्याआधीच प्राध्यापक, कारखान्यातले सुपरवायझर आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसून दोन-तीन नेमके प्रश्न ठरवावेत. रोजची नोंदवही प्राध्यापकांनी आठवड्याला वाचावी. परतल्यावर प्रत्येकाने आपलं उत्तर वर्गापुढे मांडावं, इतरांनी त्यावर शंका विचाराव्यात. वेळापत्रकात एवढी जागा महाविद्यालयांनी येत्या सत्रापासूनच काढावी; प्रमाणपत्रावर शिक्का मारून आणण्यापुरती इंटर्नशिप आता पुरे.